मरण्यासाठी पेरलेली करडई

शेतातलं पीक वाळलं की माणसं कपाळाला हात लावतात. विनिता काशीद पेढे आणतात.

बाई आमच्या शहाडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. ज्या वयात बाकीच्या बायका सुनेची नाहीतर गुडघ्याची तक्रार घेऊन बसतात, त्या वयात त्या पीएच.डी. घेऊन बसल्या. विषय करडई. करडईतला मर रोग. त्या रोगाशी झगडण्याची ताकद एका झाडाकडून त्याच्या पोराबाळांकडे कशी जाते, एवढंच. विषय इतका बारीक की गणपतीत ओळख करून देताना आमच्या सेक्रेटरींनी "तेलावर संशोधन करणाऱ्या मॅडम" असं म्हणून सुटका करून घेतली. परिणाम असा झाला की आरती संपल्यावर निम्म्या सोसायटीने त्यांना कोलेस्टेरॉलला कुठलं तेल चांगलं हे विचारलं. उरलेल्या निम्म्यांनी केस गळण्याबद्दल.

बाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिकडे ज्वारीच्या शेताला कडेने काटेरी करडई लावायची पद्धत. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत आणि घाण्यावर तेल निघतं ते वेगळंच. पुढे बिनकाट्याची, भरपूर तेल देणारी जात आली. बाईंचा धाकटा भाऊ कुंडलिक याने ती शेतभर लावली आणि पाठोपाठ मर आली. मर म्हणजे जमिनीत राहणारी बुरशी. ती मुळातून आत शिरते आणि झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. हिरवंगार झाड एका अंगाने पिवळं पडतं, मान टाकतं आणि उभ्या उभ्या वाळतं. औषध फवारावं तर कुठे? रोग पानावर नाही, पायाखाली आहे, आणि एकदा आला की वर्षानुवर्षं मुक्काम सोडत नाही.

कुंडलिकचं शेत असं वाळून गेलं, तेव्हा बाई माहेरी गेलेल्या होत्या. त्यांनी पाहिलं, सगळं रान भुईसपाट, पण बांधावर आईच्या हातची जुनी काटेरी करडई मजेत उभी. त्याच जमिनीत, त्याच रोगात. म्हणजे तिच्या अंगात काहीतरी होतं. ते काहीतरी तेलवाल्या जातीत उतरवता येईल का? ते एकाच गुणघटकावर, म्हणजे जीनवर, अवलंबून असेल तर काम सोपं. दहा-पंधरा घटक मिळून ठरवत असतील, तर कुंडलिकच्या नातवालाही वाट पाहावी लागेल. पुस्तकांत याबद्दल एकमत नव्हतं. आणि आईच्या बांधावरच्या करडईबद्दल तर पुस्तकांना काहीच माहीत नव्हतं.

"अक्का, तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो," कुंडलिक म्हणाला होता. "पर लई ताणू नको. न्हाईतर मी सरळ हरभरा करतो आणि करडईला हात जोडतो."

ह्या उत्तरासाठी बाईंना एक शेत हवं होतं, आणि तेही आजारी. जगभरचे लोक निरोगी जमीन शोधतात. विनिताबाई कल्याण तालुक्यात रोगट करून घ्यायला कुणी जमीन देतंय का, हे विचारत फिरत होत्या.

ती मिळाली मोहन्याला, धाकू तरे यांच्याकडे. धाकूशेठ मूळचे भातकरी. जमिनी विकता विकता त्यांचे दोन बंगले झाले, गळ्यात गोफ आला आणि दारात गाडी उभी राहिली. पण पावसाळा आला की त्यांचे पाय आपोआप चिखलाकडे वळायचे. नदीकडच्या रस्त्याला त्यांचा काही गुंठ्यांचा एक तुकडा उरला होता. त्यांचा मुलगा कमलेश बाईंचा जुना विद्यार्थी. बारावीला जीवशास्त्रात तो इतक्या वेळा अडकला होता की पास झाल्यावर धाकूशेठनी बाईंच्या घरी अख्खा हलवा मासा पाठवला होता. बाई शाकाहारी. मासा आमच्याकडे आला, त्यामुळे ह्या कुटुंबाबद्दल आम्हाला पहिल्यापासून आदर आहे.

"वापरा ना मॅडम," कमलेश म्हणाला. "बिल्डरशी बोलणं चालू आहे, पण त्याला टाइम आहे. तोपर्यंत तुमचंच समजा."

बाईंनी कुंडलिकच्या सगळ्यात वाईट रानातली माती पोत्यांनी आणून त्या तुकड्यात मिसळली. मग दर हिवाळ्यात त्यात तीच नाजूक तेलवाली करडई पेरायची, ती मरू द्यायची आणि मेलेली झाडं तिथेच गाडायची, म्हणजे बुरशीची जेवणाखाण्याची सोय होते. दोन-तीन हिवाळे असा पाहुणचार झाल्यावर तो तुकडा असा काही आजारी पडला की बाई हरखून गेल्या.

धाकूशेठ मात्र खचत चालले होते. रस्त्याने जाणारा येणारा विचारायचा, "काय शेठ, तुमचे जमिनीन काय येत नाय का हल्ली?"

"अगो बाय," ते एकदा कळवळून म्हणाले, "झारा मरतान न तू हसतंस? जरा युरिया टाकू का?"

"नको काका! मरू देत. मरायलाच लावलीत."

"मरायला?" धाकूशेठनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "मॅडम लय शिकलीय गो. जास्तीच शिकलीय."

इकडे बाईंनी गच्चीवरच्या कुंड्यांत लग्न लावलं. नवरा आईच्या बांधावरचा काटेरी, नवरी तेलवाली. करडईचं एक बोंड म्हणजे शंभरएक बारीक फुलांची जुडी. पहाटे उठून त्या प्रत्येक फुलातले परागकोष चिमट्याने काढायचे आणि काटेरी झाडाचा पराग लावायचा. चिमटा भुवया कोरायचा होता. त्या दिवसांत बाईंच्या भुवया राकट आणि बोटं रक्ताळलेली असायची. बाईंचे यजमान साईनाथराव बँकेत आहेत. ते चहाचा कप घेऊन गच्चीवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगं, आपल्या लग्नात भटजींनी एवढा वेळ नव्हता घेतला."

त्या लग्नाची पोरं झाली. पोरांना पिशव्या बांधून, मधमाश्यांना आत येऊ न देता, नातवंडांचं बी धरलं. ते नातवंडांचं बी पेढ्याच्या एका डब्यात मावलं. तेच आता आजारी शेतात पेरायचं होतं. एकाच घटकाची करामत असेल, तर साधारण चारातली तीन नातवंडं जगणार आणि एक मरणार. मधे मधे नुसत्या तेलवालीच्या ओळी पेरायच्या. त्या साक्षीदार ओळी. त्या मेल्या, तर रोग हजर होता हे सिद्ध. त्या जगल्या, तर बाकीच्यांच्या जगण्याला काडीची किंमत नाही.

त्या दिवाळीला धाकूशेठ स्वतः पिशवीभर तांदूळ घेऊन शहाडला आले. "आपले शेतातला नवा तांदूल. खावा." बाईंनी भात केला. असा वास दरवळला की साईनाथरावांनी वरण न घालताच पहिला भात संपवला. वाटीभर आमच्याकडेही आला. धाकूशेठच्या शेताचं कौतुक करत सगळे जेवलो. कुठलं शेत, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

बाई पेरणीला गेल्या, तर तुकडा नांगरून, ढेकळं फोडून, आरशासारखा तयार. "काका, किती केलंत हो!" त्या म्हणाल्या. धाकूशेठ लाजले. डबा उघडला गेला आणि नातवंडं जमिनीत गेली.

करडई उगवली. वाढली. बाई दर रविवारी स्कूटीवरून जायच्या, साक्षीदार ओळींसमोर उकिडव्या बसायच्या आणि पिवळं पान शोधायच्या. पहिले काही रविवार त्यांनी थंडीला दोष दिला. मग कळ्या दिसू लागल्या, तेव्हा थंडीचीही बाजू घेता येईना. साक्षीदार ओळी अशा तजेलदार उभ्या होत्या की जणू त्यांना साक्षीला बोलावलंय हेच ठाऊक नव्हतं. एकही झाड मेलं नव्हतं. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. एकाने मोबाइलवर फोटोही काढला.

धाकूशेठ नारळ घेऊन आले. मागे त्यांची बायको गंगुबाई. तिच्या हातात पेढे.

"बगलास ना बाय? एक पन झार मेला नाय!" धाकूशेठची छाती गोफासकट फुगली होती. "मी बोललेलो, माजी जमीन वंगाल नाय."

बाई खाली बसल्या. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या ओळी मरायला हव्या होत्या. तुम्ही जमिनीला काही केलंत का? औषध? शेणखत?"

"आयशपथ नाय. तू नको सांगलास ना, मंग एक दाना पन टाकला नाय."

"मग?"

"काय पन नाय. नुस्ता पावसात भात लावला."

बाईंनी वर पाहिलं. समोरच्या कंपनीची जुनी चिमणी, नदीवरून येणारा वारा, गंगुबाईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा, सगळं जागच्या जागी राहिलं.

"भात?"

"मंग! जमीन पावसात उपाशी ठेवाची? बांध घातला, चिखल केला, गुडग्याएवरा पानी अरवला. तू दिवालीला खाल्लास ना, तोच. बरा लागला ना?"

बाईंना रडू आलं. गंगुबाईंना वाटलं, बाई आनंदाने रडताहेत. त्यांनी एक पेढा बाईंच्या तोंडात घातला. बाई तो खात खातच रडल्या.

झालं होतं ते असं. ही बुरशी कोरड्यात वर्षानुवर्षं तग धरते, पण महिनोन्‌महिने पाण्याखाली तिचा जीव गुदमरतो. जगातल्या कुठल्याही भागातल्या शेतकऱ्याने त्या शेताचं काहीही केलं असतं, तरी एवढं नेमकं नुकसान झालं नसतं. त्यासाठी भातकरीच हवा होता. तोही इतका प्रेमळ की दुसऱ्याची पडीक जमीन पाहून ज्याला घास गोड लागू नये. बाईंनी दोन-तीन हिवाळे जोपासलेला रोग धाकूशेठनी एका पावसाळ्यात मायेने बुडवून मारला होता. आणि साईनाथरावांनी त्यावर तूप घालून खाल्लं होतं.

बाईंनी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट झालं. धाकूशेठ नारळ तसाच हातात धरून ऐकत होते. गंगुबाई मात्र नवऱ्याकडे वळल्या. "सतरांदा बोलले, चिखलान जाव नको, वय झाला. आयकतंय कोन? आता बग, मॅडमचा आजार बरा करून ठेवलास!"

त्या रात्री काशीदांच्या घरातून कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही. सकाळी मात्र बाई जिन्यात भेटल्या त्या पदर खोचून. डोळे सुजलेले, पण चाल अशी की वाटेतल्या दूधवाल्याने आपण होऊन बाजू दिली.

"रडून झालं," त्या म्हणाल्या. "नातवंडं मेली नाहीत ना? सगळीच्या सगळी जिवंत आहेत. म्हणजे सगळ्यांना पोरं होतील. पतवंडांना विचारीन."

साईनाथराव मागून डबा घेऊन धावत आले. "अगं, पण बिल्डर होळीनंतर जमीन घेतोय. आणि तुझा रोग कुठाय?"

"करीन," बाई म्हणाल्या. "एकदा केलाय ना? पुन्हा करीन."

पुढच्या दिवसांत मोहन्याच्या रस्त्यावर लोकांना एक नवं दृश्य दिसलं. करडईच्या प्रत्येक झाडाच्या बोंडांना रंगीबेरंगी पिशव्या. प्रत्येक झाडाचं बी स्वतःचं स्वतःलाच धरायला हवं होतं, शेजाऱ्याचा पराग चालणार नव्हता. पिशव्या गंगुबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांच्या शिवून दिल्या होत्या. हिरवी, जांभळी, मोरपिशी. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसारखं ते शेत दिसायचं.

राहिला कमलेश. बाई आणि धाकूशेठ दोघे त्याच्या ऑफिसात गेले. भिंतीवर उंच इमारतीचं चित्र होतं. इमारतीखाली खरोखरच्या मोहन्यात कधी न दिसलेली हिरवळ आणि गोरी माणसं.

"मॅडम, तुमच्यासाठी काय पण," कमलेश म्हणाला, "पण समोरची पार्टी रेडी आहे. आता एक वर्ष थांबा बोललो तर माझी व्हॅल्यू काय राहील? दुसरीकडे कुठे लावा ना. झाडंच तर आहेत."

"दुसरीकडे रोग नाही," बाई म्हणाल्या. "इथे निदान थोडा उरला असेल. त्याला वाढवता येईल."

"लोकं जमिनीत पाणी बघतात, मॅडम. तुम्ही रोग बघताय."

"कमल्या," धाकूशेठ मधेच म्हणाले. ते खुर्चीवर न बसता दारातच उभे होते. "सातबाऱ्यावर कोनाचा नाव हाय?"

"तुमचं. पण बाबा..."

"मंग मी सही करनार नाय. पुरचे होलीपतूर नाय. मॅडमचा आजार माज्यानं गेला. तो मी भरून दीन, मंगच तुजी बिल्डिंग."

"आजार भरून देणार? बाबा, लोकं हसतील!"

"हसतील. त्यांचे शेतान काय मेलंय का आमच्यासारका?"

कमलेशने फोन उचलला, पार्टीला 'थोडा टेक्निकल इश्यू' आहे म्हणून सांगितलं आणि बापाकडे न बघता बाईंना चहा मागवला. बारावीचं ऋण होतं ते.

आता रोग आणायचा होता. कुंडलिकने त्या साली मेलेल्या करडईचं पोतं भरलं आणि एसटीत टाकलं. गाडी खोपटला येते. बाई आणि साईनाथराव ठाण्याच्या त्या डेपोत घ्यायला गेले. कंडक्टरने पोतं उतरवता उतरवता वास घेतला.

"काय आहे हो ह्यात? औषधी झाडपाला?"

"नाही. रोगाने मेलेली झाडं," बाई आनंदाने म्हणाल्या.

कंडक्टरने साईनाथरावांकडे पाहिलं. साईनाथरावांनी, ज्यांचं लग्न पुष्कळ वर्षं टिकलं आहे अशी माणसं मान हलवतात, तशी मान हलवली.

मग घरात ज्वारी शिजू लागली. ज्वारी अर्धवट शिजवून, पिशव्यांत भरून, कुकरमध्ये निर्जंतुक करून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची. मेलेल्या देठातून वेगळी काढलेली बुरशी तिच्यावर सोडायची. काही दिवसांत दाण्यांवर पांढरी-गुलाबी कापसासारखी वाढ चढते. बाई ती पिशवी उजेडाकडे धरून "बघा, काय सुंदर!" म्हणायच्या आणि शिपाई दोन पावलं मागे सरकायचा. घरचा कुकर एकच. काशीदांकडे त्या उन्हाळ्यात भाकरी, ठेचा आणि पुन्हा भाकरी असा मेनू होता. "आमच्याकडे रोगाच्या तीन शिट्ट्या झाल्या की मग माणसांचं," असं साईनाथराव लिफ्टमध्ये सांगायचे.

ती ज्वारी आणि पोत्यातल्या काड्या धाकूशेठनी स्वतः मातीत कालवल्या. वर बाईंनी तेलवाली पेरली. उन्हाळ्यात पाणी देऊन वाढवली. ती थोडी मरायला लागली, तशी तीही गाडली. पण खरी परीक्षा पावसाळ्याची होती. मोहन्याला पाऊस पडतो तो माप घेऊन पडत नाही, आणि तो तुकडा खोलगट, त्यात भातासाठी घातलेला बांध अजून उभा. पाणी साठलं की सगळं पुन्हा बुडणार.

धाकूशेठनी बांध फोडला.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या माणसाने लहानपणापासून शेतातला थेंबही बाहेर जाऊ दिला नाही, ज्याने बांध फुटला म्हणून भर पावसात स्वतः आडवा पडून पाणी अडवलेलं आहे, त्याने आपल्या हाताने फावडं मारून बांध फोडला. शेताभोवती चर खणला आणि पाणी नदीकडे सोडून दिलं. जोराचा पाऊस आला की ते छत्री घेऊन तिथे. चरात कचरा अडकला की काठीने काढायचे.

"म्हातारपनी उलटा भातकरी झालाय," गंगुबाई म्हणायच्या. "आयुष्यभर पानी अरवला, आता हाकलतंय."

"तू गप बस गो. रोग भिजल."

एकदा शेजारचे दोघे जण बिचाऱ्यांची जमीन रिकामी पडली म्हणून भाताची रोपं घेऊन आले. धाकूशेठ त्यांच्यावर असे धावून गेले की रोपं तिथेच टाकून माणसं पळाली.

हिवाळा आला. प्रत्येक नातवंडाचं बी वेगळ्या ओळीत, म्हणजे एकेका घराण्याची एकेक ओळ. मधे मधे साक्षीदार. बाई आता रविवारची वाट बघत नव्हत्या. कॉलेज सुटलं की स्कूटी थेट मोहन्याला. पहिले काही आठवडे सगळं हिरवं. बाईंच्या मार्गदर्शकांचा फोन आला की ह्या वर्षी आकडे मिळाले नाहीत तर विषय बदलावा लागेल. कुंडलिकचाही आला. त्याने हरभऱ्याचं बियाणं बघून ठेवलं होतं. बाईंनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "थांबा."

मग एके सकाळी फोन वाजला. साईनाथरावांनी उचलला.

"मॅडमला द्या! मेली गो बाय, मेली! सुरवातीची सगली लायन मान टाकून बसलीय! ये लवकर!"

पाठीमागून गंगुबाईंचा आवाज येत होता. "हलू बोल ना! लोका विचारतान, कोन मेला म्हनून!"

बाईंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज व्हॉट्सअॅपवर टाकला. मोहन्याला पोचल्या तेव्हा धाकूशेठ साक्षीदार ओळीशेजारी उभे होते, मुलाच्या वरातीत उभे होते तसे. ओळच्या ओळ पिवळी. बाईंनी एक झाड उपटलं, देठ उभा चिरला. आत तपकिरी रेघ. बुरशी घरात होती, नळ्या बंद होत्या. त्यांनी पेढ्याचा पुडा काढला आणि ह्या खेपेला त्यांनी धाकूशेठच्या तोंडात पेढा घातला.

पुढच्या दिवसांत घराण्यांचा निकाल लागत गेला. काही ओळी मुळापासून शेंड्यापर्यंत खलास. काही ओळी अशा की जणू रोग त्यांच्या गावचाच नाही. आणि पुष्कळशा ओळी मिश्र. एकाच ओळीत बरीच उभी, थोडी आडवी. बाई मोजत होत्या आणि धाकूशेठ मागून काठी टेकत येत होते.

"एका पूर्ण मेलेल्या ओळीला एक पूर्ण जगलेली, आणि दोन मिश्र," बाई शेवटी म्हणाल्या. "जवळजवळ तेच प्रमाण येतंय, काका. एकच घटक आहे! आईच्या करडईत एकच!"

"मना समजल असा सांग."

बाईंनी क्षणभर विचार केला. "सातबारा धरा. प्रत्येक झाडाच्या सातबाऱ्यावर दोन नावं, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोन्हींतलं एक जरी दांडगं असलं, तरी रोग दारातून परत जातो. पण वारस लागतात तेव्हा प्रत्येक पोराला दोनातलं एकच नाव मिळतं. दोन्ही दुबळी नावं एखाद्याच्या वाट्याला आली की ते मरतं."

"हां!" धाकूशेठचे डोळे चमकले. वारसनोंदीत त्यांची हयात गेली होती. "म्हंजे ज्याचा एक नाव दांडगा न एक दुबला, तो वरून धडधाकट दिसतं, पन त्याचे पोरांत भानगड निघते. ह्या मिश्र लायनी, त्या भानगडवाल्या."

"बरोब्बर! आणि काका, गेल्या वर्षी रोग असता ना, तर दोन दुबळ्या नावांची झाडं तेव्हाच मेली असती. त्यांना वारसच नसते. जगलेल्यांतलं पक्कं दांडगं कोण आणि भानगडवालं कोण, हेही कळलं नसतं. मला नुसतं चारात तीन जगली एवढंच मिळालं असतं. तुमच्या भाताने सगळ्यांना जगवलं, म्हणून सगळ्यांची पोरं विचारता आली."

धाकूशेठनी काठीने एक वाळलेलं झाड हलवून बघितलं. "म्हंजे माज्या भातानं नुसकान नाय केला?"

"केलं की!" बाई म्हणाल्या. "एक वर्ष घालवलंत. पण त्या वर्षात जे मिळालं, ते मी आपण होऊन मागितलं नसतं. पुन्हा मात्र करू नका."

होळीआधी कापणी झाली. पूर्ण जगलेल्या ओळींचं बी वेगळं काढून बाईंनी कुंडलिकला पाठवलं. ही काही अजून पेरायची जात नव्हती, काटेही होते आणि तेलही मध्यम. तेलवालीशी परत परत लग्न लावून गुण तेवढा ठेवायचा आणि काटे गाळायचे, हे काम पुढचं. पण एकच घटक म्हटल्यावर ते होणार होतं. कुंडलिकने हरभरा अर्ध्याच रानात केला. "उरलेलं तुझ्यासाठी ठेवलंय, अक्का," तो म्हणाला. बाईंच्या दृष्टीने हीच पदवी होती. खरी पदवी पुढे युनिव्हर्सिटीच्या वेगाने येईल.

धाकूशेठनी सही केली, पण अट घालून. जेसीबीने वरची माती उचलायची ती भरावाला नाही जायची, त्यांच्या बंगल्यामागच्या पट्ट्यात यायची. कमलेशने कपाळ बडवलं. गंगुबाईंनी आपल्या वांग्यांना रोग लागेल म्हणून मोठा आवाज केला. बाईंनी स्वतः येऊन समजावलं, की ही बुरशी करडईपुरतीच आहे, वांग्याकडे ढुंकून बघणार नाही. तरी गंगुबाईंनी वांगी एक वाफा लांब सरकवली. आता त्या पट्ट्याभोवती पाणी जायला चर आहे आणि धाकूशेठ पाहुण्यांना बंगला दाखवायच्या आधी मागे नेऊन आजारी माती दाखवतात.

ह्या दिवाळीला ते पुन्हा शहाडला आले. हातात पिशवी. "नवा तांदूल," ते म्हणाले.

विनिताबाईंनी पिशवी घेतली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या. "काका, कुठल्या शेतातला?"

"दुकानातला गो बाय," धाकूशेठ खिशात हात घालत म्हणाले. "ही बग, पावती घेऊन आलोय."